ओढायचं, फुंकायचं नाही

विट्यात, एसटी स्टँडमागच्या बोळात
माझं मेडिकल. भिंतीवर चौकटीत परवाना,
परवान्यावर नाव : नसीमा तांबोळी, बी. फार्म.

दुपारी अडीचला हिंदुराव निकम आले.
तीन पायऱ्या. तिसरीवर थांबले,
शटरच्या पट्टीला धरून,
जणू कुणाची वाट बघतायत.
दमेकरी असेच थांबतात. पाट्या वाचतात,
चपलेतला नसलेला खडा काढतात.
दम लागला, असं कुणी म्हणत नाही.

"ह्या कॅप्सुला बदलून दे. गुण न्हाई.
तीन महिनं झालं, सकाळी एक, रात्री एक.
चुकवली न्हाई एकबी."

कशा घेता?

"कशा म्हंजे? पाण्याबरुबर."

मला हसू आलं नाही.
महिन्याच्या साठ, तीन महिन्यांच्या एकशेऐंशी,
सगळ्या पोटात विरघळल्या
आणि वीतभर वर फुप्फुसं
उपाशी बसून राहिली.
यंत्र घरी आहे म्हणाले, खोक्यात.
नातू त्याची शिट्टी करतो.

पिशवी त्यांनी जपून ठेवलेली, घडी घालून.
दिवसातून दोनदा. माझंच अक्षर.
'ओढून' हा शब्द
मी लिहिला नव्हता.

स्टूल दिलं. नमुन्याचं यंत्र काढलं,
सरावाची कॅप्सूल, औषध नसलेली,
झाकण मिटलं, टोचल्याचा आवाज झाला, कट्.
ओढा, म्हटलं.
त्यांनी गाल फुगवले आणि फुंकलं.
पांढरी पूड माझ्या चष्म्यावर.

"चाळीस वर्सं फुंकतच आलोय, पोरी."
कोइमतूरला, माडीखालच्या खोलीत गलाईचं काम.
मूस, कोळसा, तोंडात नळी,
तेजाबाचा तांबूस धूर.
खिडकी होती, पण मिटलेली,
वाऱ्याबरोबर सोन्याचा कण जाईल म्हणून.
कण कधी गेला नाही.
धूरही गेला नाही.

आता उलटं करायचं, मी म्हटलं.
आधी श्वास सगळा बाहेर सोडा, यंत्रात नाही, बाजूला.
मग ओठ घट्ट. मग जोरानं आत, खोल,
विहिरीतून घागर ओढल्यागत.
कॅप्सूल आत फिरली पाहिजे. ऐकू येतं.

पहिल्यांदा नुसता खोकला.
दुसऱ्यांदा पुन्हा गाल फुगले,
सवय हातात असते तशी गालातही असते.
मागे कुणी डोकेदुखीची गोळी मागत होतं,
थांबलं, चुळबुळलं, समोरच्या दुकानात गेलं.
जाऊ दे.

तिसऱ्यांदा, फर्रर्र.
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं.
हिंदुरावांच्या भुवया वर गेल्या.

धरून ठेवा, दहापर्यंत मोजा!
ओठ मिटून ते बोटं उघडत गेले,
सातव्या बोटाला श्वास सुटला
आणि त्याबरोबर शब्द : "एळु."
तामिळीत मोजत होते.
गाव सुटून गावी परत आले,
हिशेब अजून तिकडचाच.

चूळ भरा म्हटलं, प्रत्येक वेळी, विसरू नका,
नाहीतर जिभेवर पांढरं येतं.
नातवाला दुसरी शिट्टी घ्या, मोठी.
रिकामी टरफलं टाकू नका, महिन्यानं आणा, मी मोजणार.
"सोनं मोजल्यागत?"
त्याहून बारीक.

डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी दिली :
रुग्ण औषध गिळत होता. आज ओढायला शिकवलं.
डोस बदलण्याआधी कृपया एकदा
त्यांना ओढताना पाहावं.

जे जळून गेलंय ते
माझ्या कुठल्याच कप्प्यात नाही.
हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही,
चाळीस वर्षं धातू पारखलेला माणूस,
काय परत मिळतं आणि काय नाही
त्याला माझ्याआधी कळलेलं असणार.

नव्या पिशवीवर आधी 'ओढून' लिहिलं,
मग 'दोनदा'.
ते उठले. पायरीवर गेले, पट्टी धरली.
समोरची पाटी वाचली नाही,
चपलेकडे बघितलं नाही.

"दम लागला गं," म्हणाले.

मी स्टूल उचलून बाहेर नेलं.